विकेट्स त्याच्या, कॅप्टनशिप दुसऱ्याची!

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी असा असतोच. मॅच सुरू झाली की तोच खरा कॅप्टन. याला आता बॉलिंग का दिली? स्पिनरची एक ओव्हर मागे का ठेवली? स्लिप का काढली? त्याला सगळे आकडे पाठ. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या 92 कसोटींत 311 विकेट्स, हे तो झोपेतही सांगेल. संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या अजिंक्य रहाणेनं डिसेंबर 2020 मध्ये मेलबर्नला पहिल्याच तासात अश्विनच्या हातात बॉल दिला, हेसुद्धा त्याला आठवतं. खोटं कशाला बोलू, आमच्या ग्रुपमध्ये तो मीच आहे!

म्हणूनच आज तुम्हाला अशा एका बॉलरची गोष्ट सांगायची आहे, ज्याचे आकडे बघितले की पहिला प्रश्न पडतो: याला कॅप्टन का नाही केलं? आणि त्याचं उत्तर कुठल्याच स्कोअरकार्डमध्ये सापडत नाही.

त्याचं नाव पालवणकर बाळू. डावखुरा, संथ फिरकी गोलंदाज. सचिनला आपण अहोजाहो करत नाही, तसं बाळूलाही करणार नाही. आपल्या माणसाला आपण असंच बोलावतो ना!

महिना चार रुपये

बाळूचा जन्म 1876 मधला, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, पालवणचं. जात चर्मकार. वडील पुण्यात लष्कराकडे कामाला होते, त्यामुळे लहानपण पुण्यात गेलं. लष्करातल्या साहेबांनी टाकून दिलेल्या जुन्या सामानावर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्लबात. पगार महिना तीन रुपये, काम मैदान झाडायचं आणि खेळपट्टी राखायची. 1892 च्या सुमाराला तो इंग्रजांच्या पूना क्लबात गेला आणि पगार झाला चार रुपये. रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, नेट लावायचं. आणि साहेबांना प्रॅक्टिस हवी असली की बॉलिंग टाकायची.

त्या साहेबांमध्ये जे. जी. ग्रेग नावाचा एक जबरदस्त बॅट्समन होता. तो रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि तासभर बाळूला बॉलिंग टाकायला लावायचा. असं सांगतात, की बाळूनं आऊट केलं की ग्रेग त्याला आठ आणे द्यायचा. जरा हिशेब करा. ग्रेगला महिन्यात आठ वेळा आऊट केलं की अख्खा पगार वर मिळाला!

आता दुसरी बाजू बघा. त्या क्लबात बाळूनं साहेबांना हजारो बॉल टाकले असतील, पण त्याच्या हातात बॅट म्हणून कधी आली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम गाळायचं काम नोकराचं. आणि नेटमधल्या त्या विकेट्स कुठल्याच वहीत लिहिल्या गेल्या नाहीत. बाळूच्या रेकॉर्डमधली पहिली दहा-पंधरा वर्षं अशी कोरीच आहेत.

बॉल चालतो, कप चालत नाही

पुण्यातल्या हिंदू क्लबला इंग्रजांना हरवायचं होतं. त्यासाठी लागणारा बॉलर इंग्रजांच्याच मैदानावर रोलर फिरवत होता. त्याला घ्यायचं की नाही यावरून क्लबात दोन तट पडले. बरीच खळखळ झाली, पण जिंकायचं होतं म्हणून शेवटी घेतला.

घेतला, पण कसा? मैदानावर एकच बॉल सगळ्यांच्या हातातून फिरायचा. बाळू बॉल टाकायचा, स्लिपमधला ब्राह्मण खेळाडू झेल घ्यायचा, बॉल परत बाळूकडे. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा प्यायचे आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. वापरून झालं की भांडं फेकून द्यायचं. जेवायलाही ताट वेगळं आणि जागा वेगळी.

तरी तो विकेट्स काढत राहिला. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना होता, तेव्हाची गोष्ट सांगतात. बाळूची फिरकी चालू नये म्हणून त्यांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती सपाट केली होती. बाळूनं तिथंही सात बळी घेतले. ज्या माणसानं आयुष्य रोलर फिरवण्यात घालवलं, त्याला रोलरची काय भीती दाखवता?

पुढे पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेला. तिथल्या हिंदू जिमखान्यातही आधी कुरबुर झालीच. मग फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन हा गाजलेला सामना झाला. हिंदूंचे डाव 242 आणि 160 धावांचे. युरोपियन 191 आणि 102 मध्ये गारद. 109 धावांनी विजय! बाळूनं दोन्ही डाव मिळून आठ विकेट्स काढल्या. स्वदेशीचे दिवस होते तेव्हाचे. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून देशभर आनंद झाला.

कॅप्टन एकोणीस वर्षांचा, बॉलर पस्तीसचा

1911 मध्ये अखिल भारतीय संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. कॅप्टन होते पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय 19. संघातला सगळ्यात भरवशाचा बॉलर होता बाळू, वय 35. महाराज थोडेच सामने खेळले, कारण लंडनमधले दरबारी कार्यक्रम त्यांना जास्त महत्त्वाचे होते. मिस्त्री हा उत्तम बॅट्समन महाराजांच्याच पदरी नोकरीला होता, त्यामुळे तोही बहुतेक सामन्यांना मुकला. संघाची पुरती दैना झाली. 23 पैकी 15 सामने हरले, जिंकले फक्त सहा.

आणि बाळू? सगळ्या सामन्यांत मिळून 114 बळी, सरासरी 18.84. त्यातले 14 सामने प्रथम श्रेणीचे, त्यात 75 बळी, सरासरी 20.12. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8. खांदा दुखत होता, तरी बॉल त्याच्याच हातात.

आता आकड्यांचं वेड असणाऱ्यांसाठी. प्रथम श्रेणीत बाळूचे एकूण सामने 33, बळी 179, सरासरी 15.21, डावात पाच किंवा जास्त बळी 17 वेळा. मी वहीत मांडून बघितलं. इंग्लंडमधले 75 बळी बाजूला काढले तर भारतातले उरतात 104, आणि त्यांची सरासरी येते बारापेक्षाही कमी. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत, धावा कमी व्हायच्या, म्हणून आजच्या बॉलरशी थेट तुलना करू नका. पण दुसरी गोष्ट विसरू नका. हे सगळे आकडे 1906 पासूनचे आहेत, म्हणजे बाळू तिशीला टेकल्यानंतरचे. ज्या वयात फास्ट बॉलर कॉमेंट्री बॉक्सकडे बघायला लागतात, तिथून याचं रेकॉर्ड सुरू होतं!

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत दलित समाजानं त्याचा सत्कार केला. त्या वेळचं मानपत्र एका वीस वर्षांच्या कॉलेजकुमारानं लिहिलं होतं असं सांगतात. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. म्हणजे आपल्याएवढाच एक विद्यार्थी, त्याच्या आवडत्या क्रिकेटरसाठी लिहीत होता.

मग कॅप्टन का नाही?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कॅप्टनला काय लागतं? खेळाची समज, अनुभव, संघात मान. 1911 नंतर हिंदू संघात हे तिन्ही बाळूइतकं कुणाकडे होतं? तरी 1913 मध्ये कॅप्टनपद मिळालं एम. डी. पै यांना. आणि गंमत म्हणजे पैंनी स्वतःच्याच सत्कारात जाहीरपणे सांगितलं, की हा मान सर्वांत ज्येष्ठ असलेल्या बाळूला मिळायला हवा होता. कॅप्टनला पटलेली गोष्ट निवड समितीला मात्र पटत नव्हती.

बाळूचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल एव्हाना संघाचा कणा झाले होते. 1920 मध्ये समितीनं बाळूला सामन्यातून वगळलं. पै आजारी पडले, तेव्हा कॅप्टनपद अनुभवी विठ्ठलला सोडून डी. बी. देवधरांकडे गेलं. आता मात्र कडेलोट झाला. शिवराम आणि विठ्ठल दोघेही संघाबाहेर पडले आणि का बाहेर पडलो ते त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं. क्रिकेटमध्ये मूग गिळून बसायची रीत होती, त्या काळात! लोकांमध्ये चर्चा सुरू झाली आणि समितीला नमतं घ्यावं लागलं. पुढच्या सामन्यात भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाला. पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ हिंदू संघाचं नेतृत्व बाळूनं केलं. वय चव्वेचाळीस. त्याच मोसमात त्याची कारकीर्द संपली. अख्ख्या आयुष्यात त्याच्या वाट्याला आलेली कॅप्टनशिप एवढीच, तीही बदलीची.

पण निवेदन वाया गेलं नाही. 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कॅप्टन झाला आणि त्याच वर्षी संघानं चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठलनं पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठीत लिहिलेलं आत्मचरित्र 1948 मध्ये प्रसिद्ध झालं. कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं तर जरूर शोधा.

खेळ संपल्यावर बाळू राजकारणात उतरला. 1932 च्या पुणे करारावर त्याची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर तो गांधीजींच्या बाजूला होता, म्हणजे बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला. 1937 च्या निवडणुकीत तर काँग्रेसनं त्याला मुंबईत थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूला 11,225. कोण बरोबर, कोण चूक यावर आजही वाद होतात, होऊ देत. ज्यानं मानपत्र लिहिलं आणि ज्याच्यासाठी लिहिलं, ते दोघे 26 वर्षांनी असे समोरासमोर आले, हे मात्र मला वाचताना चटका लावून गेलं. जुलै 1955 मध्ये मुंबईत बाळूचं निधन झालं.

तुमच्या टीमचं काय?

आज बाळूची गोष्ट वाचून आपण म्हणतो, काय लोक होते तेव्हाचे! पण तुम्ही म्हणाल, आता कुठे तसं आहे? मातीचं भांडं नाही, वेगळं ताट नाही. मान्य. पण आपल्या कॉलेजच्या टीममध्ये कॅप्टन कसा ठरतो, हे एकदा आठवून बघा. सगळ्यात जास्त विकेट्स काढणारा होतो, की ज्याच्या बाइकवरून सगळे ग्राउंडला जातात तो? ज्याला खेळ कळतो तो, की ज्याचं आडनाव सरांना आधीच माहीत असतं तो? सकाळी लवकर येऊन मॅट अंथरणारा, स्टंप रोवणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. त्याला शेवटची ओव्हर कधी दिली होती? फिल्ड कशी लावायची, हे त्याला कुणी कधी विचारलं?

पुढच्या मॅचला कॅप्टनला शिव्या घालायच्या आधी एवढं करा. टीमची वही काढा, मोसमभराच्या ओव्हर्स आणि विकेट्स समोर मांडा आणि नावं झाकून फक्त आकडे वाचा. मग ठरवा कॅप्टन कोण. आमच्या ग्रुपनं हे मागच्या आठवड्यात करून बघितलं. सगळ्यात वर जे नाव निघालं, ते गेली दोन वर्षं बाउंडरीवर उभं होतं.