वालचंदनगर ते रांजणगाव : देशात मोटार बनवायला निघालेल्या वालचंदशेठची गोष्ट

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीतून नव्या कोऱ्या गाड्या ट्रेलरवर चढून बाहेर पडतात, हे आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला कारखाना इथं आहे. टाटाची नेक्सॉन इथं बनली, जीप कंपनीची कंपास २०१७ पासून इथं बनू लागली. दुसऱ्या बाजूला दौंड तालुका ओलांडून इंदापूर तालुक्यात गेलं की वालचंदनगर लागतं. साखर कारखान्याची यंत्रं बनवणारं गाव म्हणून त्याला सगळे ओळखतात.

या दोन ठिकाणांना जोडणारा एक माणूस आहे. वालचंदनगरला त्याचं नाव आहे. आणि फियाट हे नाव आपल्याकडे घराघरात पोचलं, ते त्याने काढलेल्या कंपनीमुळे. हा माणूस म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी. रांजणगावचा कारखाना उभा राहिला तेव्हा त्यांना जाऊन पन्नास वर्षांच्या वर झाली होती.

सोलापूरची पेढी सोडली, रेल्वेचं कंत्राट धरलं

वालचंदशेठचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापुरातला. घराणं मूळचं गुजरातचं, जैन, पण सोलापुरात स्थायिक झालेलं. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. पोराला शिकायला मुंबईला आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात पाठवलं, पण पदवी काही पदरात पडली नाही. घरच्या धंद्यातही मन रमेना.

तेव्हा त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. त्यांना कामाची माहिती होती आणि वालचंदशेठच्या घरी पैसा होता. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं. कुर्डुवाडीवरून बार्शीकडे धावणारी ती छोटी गाडी दौंड-सोलापूर पट्ट्यातल्या जुन्या माणसांना आजही आठवते.

मग कामं वाढत गेली. बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम त्यांच्या कंपनीने केलं. दौंडहून मुंबईला रेल्वेने जाणारा माणूस घाट उतरताना त्याच बोगद्यांच्या रस्त्याने जातो. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. त्याच वर्षी इंडियन ह्यूम पाइप कंपनी निघाली. गावच्या रस्त्याखाली मोरीत टाकतात तो सिमेंटचा गोल पाइप, त्याला आजही सगळे ह्यूम पाइपच म्हणतात.

आधी जहाज

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा हिंदुस्थानातून विलायतेला जाणारी बहुतेक जहाजं इंग्रज कंपन्यांची होती. माल आपला आणि भाडं त्यांचं. वालचंदशेठनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं एक जहाज विकत घेतलं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास असे भागीदार जोडले आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी नावाचं ते जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. आज देशात ५ एप्रिल हा दिवस सागरी दिन म्हणून पाळतात, तो याच जहाजामुळे.

इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून या कंपनीला जेरीस आणायचा प्रयत्न केला, पण ती टिकली. एक गोष्ट मात्र वालचंदशेठच्या ध्यानात आली. नुसता धंदा करून भागत नाही. सरकार पाठीशी नसेल, तर परका व्यापारी कधीही भाव पाडून आपल्याला झोपवू शकतो. पुढे मोटारीच्या बाबतीत हाच अनुभव आला.

खडकाळ माळावर ऊस

जहाजांचा लढा चालू असतानाच ते शेतीत उतरले. मालेगावजवळ रावळगावला आणि इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर त्यांनी मोठं क्षेत्र लागवडीखाली आणलं. दगड वेचले, जमीन सपाट केली, नीरा कालव्याचं पाणी फिरवलं, ऊस लावला. १९३० नंतरच्या दहा वर्षांत तिथं साखर कारखाना आला आणि वसाहत उभी राहिली. तेच वालचंदनगर. रावळगावच्या गोळ्या खाऊन तर महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या.

मोटारीचं वेड आणि जपानचा धडा

त्या काळात हिंदुस्थानात मोटारी धावत होत्या, पण बनत नव्हत्या. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्या सुटे भाग आणून इथं नुसती जोडणी करत. सर विश्वेश्वरय्या यांनी मुंबईत मोटार कारखाना काढायची योजना आखली होती, त्यासाठी अमेरिका आणि युरोपही पालथा घातला होता. वालचंदशेठनी ती योजना उचलून धरली. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं, तेव्हा मदतीची आशा होती. पण १९३९ मध्ये ते सरकार राजीनामा देऊन बाहेर पडलं. दिल्लीतल्या इंग्रज सरकारला तर या कारखान्यात रसच नव्हता.

याच वर्षांत जपानमध्ये काय चाललं होतं, ते बघण्यासारखं आहे. तिथंही फोर्ड आणि जनरल मोटर्स सुटे भाग जोडून गाड्या विकत होते. किइचिरो टोयोडा नावाचा तरुण इंजिनिअर वडिलांच्या हातमाग-यंत्रमागाच्या कारखान्यात मोटारीचे प्रयोग करत होता. १९३६ साली जपान सरकारने कायदा केला. मोटार बनवायची तर सरकारचा परवाना पाहिजे, आणि तो जपानी मालकीच्या कंपनीलाच मिळणार. टोयोडा आणि निस्सान यांना परवाने मिळाले. अमेरिकन कंपन्यांना १९३९ पर्यंत गाशा गुंडाळावा लागला. त्या कायद्यामागे लष्कराची गरज होती, हेही खरं. पण १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्यामागे सरकार उभं होतं.

इच्छा दोघांचीही सारखी होती आणि काळही तोच होता. पण किइचिरोंचं सरकार त्यांच्या देशाचं होतं आणि वालचंदशेठचं सरकार परक्याचं होतं. फरक पडला तो तिथंच.

विमानाची गाठ विमानातच

१९३९ मध्ये वालचंदशेठ अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, जनरल मोटर्सनेही दाद दिली नाही. शेवटी क्रायस्लर कंपनी तयार झाली आणि १९४० मध्ये तिच्याशी करार झाला. परतीच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी ओळख झाली. तो चीनमध्ये विमानं बनवायच्या धंद्यात होता. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना काढायचं डोक्यात घेऊन आला.

म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिलं. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. आज एचएएल म्हणतात ती हीच. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाज बांधायच्या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली.

पण युद्ध पेटलं होतं. १९४२ मध्ये सरकारने विमानाचा कारखाना आपल्या ताब्यात घेतला आणि वालचंदशेठना पैसे देऊन बाजूला केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि तिथलं काम अडलं. मोटार कारखान्यासाठी तर सरकार युद्धातसुद्धा ऑर्डरीची हमी द्यायला तयार नव्हतं. तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढलीच.

कुर्ल्याहून गाड्या निघाल्या

मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, तिथून डॉज, प्लिमथ मोटारी आणि फार्गो ट्रक निघू लागले. पुढच्या वर्षी विशाखापट्टणमला जलउषा जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. मोठ्या अमेरिकन गाड्या आपल्या लोकांच्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला.

पण तोवर वालचंदशेठच थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला ते गेले. धंदा भावांनी पुढे नेला.

नशीब कसं असतं बघा. ज्या संरक्षणासाठी ते वीस वर्षं झगडले, ते देशाला त्याच १९५३ सालात मिळालं. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने दार बंद केलं आणि जनरल मोटर्स, फोर्ड यांनी आपलं काम आवरलं. जपानात किइचिरो टोयोडांचंही तसंच झालं. १९५० च्या मंदीत कामगार कमी करावे लागले, संप झाला, त्यांनी राजीनामा दिला आणि १९५२ मध्ये त्यांचं निधन झालं. कोरियातल्या युद्धामुळे अमेरिकन सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि टोयोटा सावरली. पण तिचं पुढचं वैभव त्यांनीही पाहिलं नाही.

फियाटवाल्यांचं म्हणणं

पुढची गोष्ट गाडीची आहे, आणि ती गाडी वापरणाऱ्यांनी सांगायची. १९५० नंतरची गोलमटोल फियाट लोकांत डुक्कर फियाट म्हणून प्रसिद्ध झाली. १९६४ पासून चौकोनी ११०० डी आली. तिचंच नाव १९७४ ला पद्मिनी झालं.

ज्यांनी पद्मिनी वापरली ते तिचं कौतुक करतात. पत्रा जाड, बांधा दणकट. गियर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढच्या सीटवर तिघं बसायचे. बंद पडली तर तालुक्याचा कुठलाही मिस्त्री पाना-पक्कड घेऊन चालू करून द्यायचा. दारात फियाट उभी असणं ही डॉक्टर, वकील आणि बड्या बागायतदारांच्या घरची शान होती. लग्नात नवरदेवासाठी ती मागून आणायचे. खडबडीत रस्त्याला मात्र लोक जीपच पसंत करत.

तक्रारीही तेवढ्याच होत्या. घाटात इंजिन तापायचं, मग दगड लावून पाणी ओतत बसायचं. वर्षानुवर्षं गाडी तीच आणि सुधारणा जेमतेम. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, नाहीतर ऑन देऊन दुसऱ्याचा नंबर घ्यायचा. वालचंदशेठना संरक्षण हवं होतं ते कारखाना पायावर उभा राहावा म्हणून. पण परवान्याच्या राज्यात गाड्याही मोजक्याच बनायच्या आणि बनवणारेही मोजकेच. गिऱ्हाईक जाणार कुठं? सुधारायची घाई कुणालाच उरली नाही. जपानी कंपन्यांना मात्र आपसात आणि जगाच्या बाजारात झुंजावं लागलं. त्यातून त्यांची गाडी सुधारत गेली.

डिसेंबर १९८३ मध्ये जपानच्या सुझुकीबरोबर बनलेली मारुती ८०० आली आणि चित्र पालटलं. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, एका चावीत चालू होणारी गाडी. पत्रा पातळ म्हणून लोकांनी नाकं मुरडली, पण घेतली तीच. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली, तेव्हा तिच्यात इंजिन बसवलं ते निस्सानचं. १९३६ ला परवाना मिळालेल्या दोन जपानी कंपन्यांपैकी एकीचं इंजिन वालचंदशेठच्या कंपनीच्या गाडीत आलं. दुसरी, टोयोटा, पुढे किर्लोस्करांबरोबर आली. तिची क्वालिस आणि मग इनोव्हा घेणारे सांगतात, की लाखो किलोमीटर इंजिनला हात लावावा लागत नाही, फक्त किंमत आणि पार्ट खिशाला चटका देतात.

रांजणगावच्या गेटवर

पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्याआधीच फियाटने प्रीमियरपासून वेगळं होऊन आपला संसार कुर्ल्याहून आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला आणला. पुढे फियाट नावाच्या गाड्याही देशातून गेल्या. कारखाना मात्र चालूच आहे.

शिरूर आणि दौंडची पोरं आज आयटीआय करून मोटार कारखान्यांत कामाला लागतात. कुणी वेल्डिंगला, कुणी पेंट शॉपला, कुणी असेंब्ली लाइनवर. गाडी आपल्या मातीत बनते, ही गोष्ट त्यांना साधी वाटते. नव्वद वर्षांपूर्वी ती सरकारला पटवून देता देता एका सोलापूरकराचं आयुष्य खर्ची पडलं होतं. नुसती जोडणी न करता गाडी आपली आपण घडवायची, हे त्यांचं म्हणणं होतं. निम्मं काम झालंय. डिझाइन आणि इंजिनही आपल्याच पोरांच्या हातचं असावं, हे उरलेलं निम्मं काम आता रांजणगावच्या गेटमधून आत जाणाऱ्यांकडे आहे.