गुलाबराव महाराज: दृष्टी नव्हती, तरी शंभरावर ग्रंथ!
मुरबाडच्या एसटी स्टँडवर आज एखादा दृष्टिहीन प्रवासी फोनचा कॅमेरा पाटीसमोर धरून मजकूर ऐकू शकतो. गुलाबराव महाराजांच्या काळात हे काम माणसंच करायची.

१८८१ साली अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत त्यांचा जन्म झाला. वर्षाचे होण्याआधीच दृष्टी गेली. मग वेदान्तापासून आयुर्वेदापर्यंतचं ज्ञान आलं कुठून? ऐकून! कुणीतरी वाचून दाखवायचं, ते लक्षात ठेवायचे. ते सांगायचे, दुसरे लिहून घ्यायचे. म्हणजे वाचणारा भेटला तरच पुस्तक उघडणार. तरीही शंभराहून जास्त ग्रंथ झाले. विशेष म्हणजे त्यांनी स्वतःची सांकेतिक लिपीही तयार केली! १९१५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा वय होतं फक्त ३४.