कारण विचारण्याचा हक्क आणि बाबासाहेब



कंपनी अचानक कामावरून कमी करते आणि कारण मात्र धड सांगत नाही, अशी वेळ आपल्यापैकी कुणावरही येऊ शकते. अशा वेळी बाबासाहेबांच्या जीवनाची एक बाजू आठवावी.

१९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठातले उच्च शिक्षण असूनही कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे फायली लांबूनच टाकत. जात कळताच पारशी सराईतून त्यांना बाहेर काढले गेले. शहरात राहायला जागा मिळेना, तेव्हा नोकरी सोडून ते मुंबईला परतले. कामात काही चूक नव्हती, तरी दाद मागायला दारच नव्हते.

पुढे हे दार त्यांनी इतरांसाठी उघडले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप झाला, त्यात ते अग्रभागी होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. याच काळात, १९४६ साली, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. गैरवर्तन कशाला म्हणायचे, कामावरून कसे काढायचे, अन्याय झाल्यास दाद कुठे मागायची, हे नियम मोठ्या कारखान्यांना लेखी ठरवावे लागले. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमानेही सरकारी नोकराला बडतर्फीपूर्वी आरोप सांगून बाजू मांडण्याची संधी दिली.

जपानचा कायदाही हेच तत्त्व मानतो. श्रम करार कायद्याच्या १६ व्या कलमानुसार सबळ कारणाशिवाय केलेली बडतर्फी रद्दबातल ठरते. सर्वसाधारणपणे ३० दिवसांची नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका, कारण मग ती बडतर्फी उरत नाही. कारणाचा लेखी दाखला, म्हणजे 'काइको रियू शोमेइशो', मागा. मागितल्यावर तो देणे कंपनीला बंधनकारक आहे. करारपत्र, ईमेल आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. त्यानंतर चिबा श्रम ब्युरोचा सल्ला घ्या. तिथे तोडगा निघाला नाही, तर जिल्हा न्यायालयात 'रोदो शिनपान' आहे. ते बहुधा तीन सुनावण्यांत आटोपते. नोकरी सुटल्यावर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायलाही विसरू नका.

अशी वेळ आली तर लाजून घरात बसू नका. आपल्या माणसांना सांगा आणि कारण लेखी मागा. ज्यांना स्वतःला दाद मागता आली नाही, त्यांनीच आपल्याला ही वाट दाखवली आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!