वासुदेव बळवंत फडके : शस्त्र आणि संरक्षण

आपल्या मंडळाच्या सभासदांत सरकारी नोकरीनिमित्त परप्रांती स्थायिक झालेल्यांची संख्या मोठी आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके हेही मूळचे सरकारी कारकून होते, हे अशा वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते.

४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळील शिरढोण येथे त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात त्यांनी अनेक वर्षे इमानेइतबारे चाकरी केली. आई अत्यवस्थ असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि मातेचे अखेरचे दर्शन अंतरले. रजेच्या अर्जांवर शेरे मारण्यात ज्यांची हयात गेली, त्या माझ्यासारख्यांना हा प्रसंग अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. त्यात देशभर किमान पन्नास लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. प्रजेचे प्राण असे जात असतानाच, १८७८ साली, लॉर्ड लिटन यांच्या सरकारने शस्त्रांचा कायदा केला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट मिळाली. १८६० च्या दंडसंहितेने आत्मसंरक्षणाचा हक्क सर्वांना दिला होता. हक्क कागदावर राहिला, साधन काढून घेतले गेले. जे राज्य प्रजेला निःशस्त्र करते, त्याच्यावर तिच्या रक्षणाचा भार दुप्पट येतो. तो भार त्या राज्याने उचलला नाही.

लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शस्त्रविद्या शिकलेल्या वासुदेवरावांनी रामोशी बांधवांना हाताशी धरून फेब्रुवारी १८७९ मध्ये बंडाचे निशाण उभारले. पैशासाठी त्यांनी सावकारांची घरे लुटली. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करणे अगत्याचे आहे. लुटला गेलेला गृहस्थही त्याच कायद्याने निःशस्त्र केलेला हिंदी प्रजाजनच होता. हेतू थोर असला तरी त्याच्या दारात उभी राहिलेली भीती खोटी नव्हती. चरित्रनायकाची थोरवी गाताना हे झाकून ठेवणे उचित नव्हे.

दौलतराव नाईक मारले गेले आणि बंडाचा कणा मोडला. २० जुलै १८७९ रोजी विजापूर भागातील देवर नावदगी येथे, आजारी अवस्थेत, वासुदेवराव पकडले गेले. महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांची रवानगी एडनला झाली. ऑक्टोबर १८८० मध्ये ते तुरुंगातून निसटले, परंतु पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले.

१८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने शस्त्रकायद्यात बदलाची मागणी केली. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवाना राहिला, वर्णभेद गेला. आत्मसंरक्षणाचा हक्क २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे.

शस्त्र कोणाच्या हाती असावे, या प्रश्नावर मतभेद राहतील. परंतु नागरिकाने शस्त्र खाली ठेवावे असे वाटत असेल, तर त्याच्या जिवाची हमी राज्याने घेतली पाहिजे. सरकारी खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाने वासुदेवरावांच्या चरित्रातून एवढा बोध घेतला, तरी त्या वीराला वाहिलेली आदरांजली सार्थ होईल.