बीथोवेन आणि त्याचे पियानो

बुडापेस्ट येथील हंगेरीच्या राष्ट्रीय संग्रहालयात महॉगनी लाकडाचा एक जुना पियानो आहे. लंडनच्या ब्रॉडवुड पेढीने १८१७ च्या अखेरीस तो भेट म्हणून जहाजाने ट्रिएस्ट बंदराकडे रवाना केला. तेथून डोंगरवाटांनी तो १८१८ मध्ये व्हिएन्नास पोचला; आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या लुड्विग फान बीथोवेनला तोवर ऐकू येणे जवळजवळ संपत आले होते. २०२७ च्या मार्चमध्ये त्याच्या मृत्यूस दोनशे वर्षे होतात. बहिरेपणावर मात करणारा महापुरुष म्हणून त्याची कथा सर्वश्रुत आहे. त्या कथेने मात्र एक समज रूढ केला आहे, की बीथोवेनला वाद्याची पर्वा नव्हती, त्याचे संगीत केवळ मनातले होते. हा समज आम्हांस मान्य नाही.

१७७० च्या डिसेंबरात बॉन येथे त्याचा जन्म झाला. बाप दरबारी गवई, पण मद्याच्या आहारी गेलेला. पोराला वादनाचे धडे मिळाले ते धाकदपटशानेच. सुदैवाने नेफे हा जाणता ऑर्गनवादक गुरू म्हणून लाभला व त्याने योहान सेबास्टियन बाखच्या रचना मुलाच्या हाती दिल्या. १७९२ मध्ये हायडनपाशी शिकण्यास तो व्हिएन्नास गेला आणि आयत्या वेळी सुचेल ते वाजविणारा अद्वितीय वादक म्हणून तेथे गाजला. त्या काळचा पियानो आजच्यासारखा नव्हता. चौकट सर्वस्वी लाकडाची, तारा बारीक, हातोड्या लहान व चामड्याने मढविलेल्या. विस्तार पाच सप्तकांचा. आज ८८ पट्ट्या असतात, तेव्हा ६१ असत. त्याच्या आरंभीच्या सोनाटांत धून वर चढत जाऊन शेवटच्या पट्टीशी अडते व वळण घेऊन माघारी येते, असे प्रसंग आढळतात.

सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षापासूनच कानांनी दगा देण्यास आरंभ केला. १८०१ मध्ये त्याने निवडक मित्रांस हे कळविले. १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट येथे भावांसाठी मृत्युपत्रवजा लेख लिहिला, तो कधी पाठविला मात्र नाही. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या एरारचा पियानो त्याच्या घरी आला. वरच्या अंगास अधिक पट्ट्या मिळाल्या आणि ‘वाल्डश्टाइन’ व ‘आपासिओनाटा’ ह्या सोनाटांत त्यांचा वापर झाला. पण त्या वाद्याची पट्टी त्यास जड वाटे. व्हिएन्नाच्या कारागिरांकडून दुरुस्त्या करवूनही समाधान झाले नाही. नानेट श्ट्रायखर ही आउग्सबुर्गच्या श्टाइन ह्या पियानोकाराची कन्या, स्वतःच्या कारखान्याची धनीण. तिच्याकडे त्याने आपणास ऐकू येईल असा होईल तितका मोठ्या आवाजाचा पियानो मागितला. वाद्याची पर्वा नसणाऱ्याचे हे वर्तन म्हणावे काय?

‘मूनलाइट’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सोनाट्याचेच पाहा. पहिला भाग तारांवरील दाबपट्ट्या सतत उचललेल्या ठेवून वाजवावा, अशी त्याची सूचना आहे. आजच्या ओतीव लोखंडी चौकटीच्या पियानोवर ती अक्षरशः पाळली तर स्वरांचा चिखल होतो. म्हणून कित्येक वादक ती बाजूस सारतात. जुन्या पियानोवर स्वर उमटताच विरू लागतो. मागील स्वर पुढच्यामागे धुक्यासारखा तरळतो एवढेच. दोष सूचनेचा नव्हे, वाद्य बदलले त्याचा आहे.

ब्रॉडवुडने त्याच्याकडून ‘हामरक्लाविअर’ सोनाटा लिहविला, असे कोणी भाविकपणे सांगतात. त्यातील सर्वांत वरचे काही स्वर त्या पियानोवर नव्हतेच! तरीही हे वाद्य त्याने जिवापाड वापरले. १८१८ पासून लोक त्याच्याशी वहीत लिहून बोलू लागले होते. नाद कानी पडावा म्हणून पियानोवर बसविण्याचा ध्वनिग्राहक करविला, तोही फारसा उपयोगी पडला नाही. १८२४ च्या सुमारास आलेल्या पाहुण्यास आत तारा तुटून एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या.

शेवटी व्हिएन्नाच्या कोनराड ग्राफने त्यास आपला पियानो वापरावयास दिला. एरवी एका स्वरास तीन तारा. ह्यात बहुतेक स्वरांस चार. पण हे घडले १८२६ च्या सुमारास. अखेरचा, बत्तिसावा सोनाटा १८२२ मध्येच पुरा झाला होता. २६ मार्च १८२७ रोजी बीथोवेन मरण पावला. ग्राफचा पियानो उसना होता. तो त्याने परत नेला. आज तो बॉनमध्ये, बीथोवेनच्या जन्मघरातील संग्रहात आहे.