अण्णांची पायपीट आणि आलेखातला घाट

कोथरूडमध्ये कर्वे हे नाव चुकवून कुठे जाताच येत नाही. कर्वे रोड, कर्वे पुतळा, पलीकडे कर्वेनगर. माझ्याकडे रविवारी आठवी-नववीची मुलं गणिताला येतात. महर्षी कर्वे पोटापाण्यासाठी काय करायचे, असं त्यांना विचारलं की सगळे गप्प. मित्रांनो, अण्णा गणिताचे प्राध्यापक होते! म्हणून ग्राफिंग कॅल्क्युलेटर शिकवताना मी त्यांचंच चरित्र वापरतो.

ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणजे समीकरण टाकलं की त्याचा आलेख काढून दाखवणारं यंत्र. पहिलं कॅसियोने १९८५ मध्ये बाजारात आणलं. आता वेगळं यंत्र विकत घ्यायला नको. जिओजेब्रा किंवा डेसमॉस फोनवर फुकट मिळतं.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. गाव मुरूड, दापोली तालुक्यातलं. सतरा वर्षांचे असताना सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला चालत गेले. कुंभार्ली घाटातून, शंभराहून जास्त मैल, चारेक दिवसांत. आणि पोचल्यावर काय, तर वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही.

या प्रवासाचा आलेख काढा, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्यावर कापलेलं अंतर, असं सांगितलं की निम्मी मुलं घाटाच्या जागी रेघ खडी चढवतात. घाट चढतोय, मग रेघही चढणार, नाही का? इथेच खरी गंमत आहे. घाटात माणूस हळू चालतो, तेवढ्याच वेळात कमी अंतर कापतो, म्हणून रेघ उलट कमी चढाची होते. हे मी तोंडाने दहा वेळा सांगून पटत नाही. ॲपमध्ये वाय = एम × एक्स टाकायचं आणि एमचा स्लायडर सरकवायचा. ताशी पाच किलोमीटरवरून दोनवर आणला की रेघ डोळ्यांदेखत खाली झुकते. आलेख हे रस्त्याचं चित्र नाही, हे तेव्हा कळतं. वहीत प्रत्येक वेगासाठी नवी रेघ काढत बसलो तर अख्खा तास जातो, प्रश्न विचारायला वेळच उरत नाही.

अण्णा १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाले आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. मुंबईत कमावायला लागल्यावर त्यांनी गावासाठी मुरूड फंड सुरू केला. हिशोब साधा, उत्पन्नातल्या रुपयामागे एक पै. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. दोन्ही अक्षांवर रुपये घेतले तर वाय = एक्स ÷ १९२.

हे ॲपमध्ये टाकून बघा. रेघ दिसतच नाही, आडव्या अक्षाला चिकटून बसते. ‘सर, हे तर शून्य आहे,’ असं मुलं बिनधास्त सांगतात. मग उभ्या अक्षावर रुपयांऐवजी पै घ्यायच्या. समीकरण होतं वाय = एक्स, आणि तीच रेघ ४५ अंशांत उभी राहते. फंड तोच, देणगी तीच, फक्त एकक बदललं. यंत्र दाखवेल ते खरं मानायची सवय मला धोक्याची वाटते, म्हणून हा खेळ मी कधीच टाळत नाही. आणि आधी हाताने अंदाज, मग बटण, हा माझा नियम. बोर्डाच्या परीक्षेत तर कॅल्क्युलेटर चालतही नाही.

१८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. टिळक बाहेर पडल्याने ती जागा रिकामी झाली होती. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. ज्या मुरूडसाठी पै-पै जमवली, त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

तरी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर. पुण्यापासून चारेक मैल, तेव्हा धड रस्ताही नव्हता. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग चिखल तुडवत आश्रमातल्या मुलींना शिकवायला हिंगण्याला जायचं. याचाही आलेख मुलं काढतात. पावसाळ्यातली रेघ आणि उन्हाळ्यातली रेघ, कुठली जास्त खडी? साताऱ्याचा घाट समजलेली मुलं आता चुकत नाहीत.

अण्णा १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, मातृभाषेतून शिकवणारं. तेच आजचं एसएनडीटी. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढायला मंडळ स्थापन केलं. १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, वय शंभर. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

आता तुमच्यासाठी एक काम. आडव्या अक्षावर अण्णांचं वय घ्या, उभ्यावर तोपर्यंत त्यांनी सुरू केलेल्या संस्थांची संख्या. या लेखात आलेले आकडे टाकलेत तरी चालेल. ही रेघ सरळ येत नाही, पायऱ्या येतात. का, ते घरातल्या शाळकरी मुलाला विचारा.