पंधरा विद्यार्थ्यांची शाळा

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवनचरित्र आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. महूचा जन्म, शाळेतले वेगळे गोणपाट, चवदार तळे, संविधान, दीक्षाभूमी. दरवर्षी १४ एप्रिलला आपण ते ऐकतो आणि ऐकून घरी जातो. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी लिहा असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा आमच्या मनात आले, तेच ते पुन्हा काहून लिहायचे? म्हणून या लेखात आम्ही बाबासाहेबांचे चरित्र एकाच बाजूने सांगणार आहोत. ते स्वतः विद्यार्थी कसे होते आणि पुढे विद्यार्थ्यांमधून पुढारी घडविण्यासाठी त्यांनी काय काय केले, एवढेच.

आम्ही काही प्राध्यापक नाही. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. गिरणीत स्पिनिंग खात्यात बदली कामगार म्हणून लागलो. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, विहाराच्या कपाटातली पुस्तके घरी नेऊन. तेव्हा काही उणे राहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

१४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांच्या पोटी जन्मलेले हे चौदावे अपत्य. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले. त्या काळात आपल्या समाजातला पोरगा मॅट्रिक होणे म्हणजे नवलच! वस्तीने सत्काराची सभा भरवली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. गुरुजींची आणि या मुलाची ओळख कशी झाली होती ते बघा. चर्नी रोडच्या बागेत बाकावर बसून एक मुलगा रोज वाचत असतो, एवढे गुरुजींच्या नजरेला पडले होते. त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली, आणि पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांपर्यंत शब्द टाकला. महाराजांनी महिना २५ रुपये शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव १९१२ साली बी.ए. झाले.

आम्हाला या प्रसंगात मोठा बोध वाटतो. पुढारी आभाळातून पडत नाही. बाकावर वाचत बसलेला पोरगा कोणाला तरी दिसावा लागतो.

१९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. वय बावीस. तिथे सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू मिळाले. तिथल्या शिकण्याची एक रीत आपण ध्यानात घेण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने नुसते ऐकायचे नाही. स्वतः विषय घ्यायचा, अभ्यास करायचा, वर्गापुढे उभे राहून निबंध वाचायचा आणि गुरूसकट सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या अशाच अभ्यासवर्गात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. ज्याला गावच्या शाळेत दाराजवळ बसवले, तो पंचवीस वर्षांचा तरुण परदेशी विद्वानांपुढे जातीची उत्पत्ती समजावून सांगत होता! पुढे मुंबईच्या कौन्सिलात, गोलमेज परिषदेत आणि घटना समितीत त्यांनी जे किल्ले लढवले, त्याची तालीम या वर्गात झाली असे आम्हाला वाटते.

तिथून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परत यावे लागले. बडोद्याच्या नोकरीत काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्या शिकलेल्या माणसाला शहरात राहायला खोली मिळाली नाही. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तर काही सहकारी प्राध्यापकांना त्यांनी त्याच माठातले पाणी पिणे खपेना. एकट्या माणसाची डिग्री त्याच्या समाजाची मान वर करीत नाही, हा धडा त्यांनी अंगावर झेलला. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मूकनायक सुरू केले. त्याच वर्षी ३० मेपासून आपल्या नागपुरात छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. त्या परिषदेत २९ वर्षांचे बाबासाहेब हिरीरीने वावरले, आणि मग अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. समाजाचे काम करतो म्हणून अभ्यास सोडला नाही आणि अभ्यास करतो म्हणून समाजाकडे पाठ फिरवली नाही. बॅरिस्टर आणि १९२३ साली डी.एस्सी. होऊनच ते थांबले.

आता दुसरा भाग. जे स्वतःला मिळाले ते दुसऱ्यांना कसे द्यायचे?

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेचे पहिले मोठे काम कोणते? मोर्चा नाही, पुतळा नाही. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढले! खेड्यातल्या पोराला शहरात डोके टेकायला जागा नाही तर तो शिकणार कुठून, हे त्यांना माहीत होते. त्या वसतिगृहातल्या मुलांनी सरस्वती विलास नावाचे मासिक चालवले. मुलांच्या पोटाची सोय झाली, लगेच हातात लेखणी आली. आपल्या नागपूरचे चोखामेळा वसतिगृहही असेच किती कार्यकर्त्यांचे माहेरघर. एका खोलीत चार गावची चार पोरं राहतात, मेसचा हिशेब ठेवतात, भांडतात, समजूत काढतात, तिथेच पुढारीपणाचा पहिला पाठ होतो.

१९३५ ते १९३८ या काळात बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. प्राचार्यपद सांभाळत असतानाच स्वतंत्र मजूर पक्षही त्यांनी उभा केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी गिरणी कामगारांच्या संपाचा हक्क काढून घेणाऱ्या बिलाविरुद्ध संपात ते पुढे होते. आम्हा गिरणीवाल्यांना हा दिवस विसरता येत नाही.

जुलै १९४२ मध्ये १८ ते २० तारखांना नागपूरच्या मोहन पार्कवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. महिलांची परिषदही तिथेच झाली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारी १९४६ ची कायदादुरुस्ती ही त्यांच्याच कारकिर्दीतली. आज आमची पाळी आठ तासांची आहे ती कोणामुळे, हे सांगायला नको. पण खुर्ची मिळाल्यावर त्यांनी आणखी एक काम केले. आपल्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून वर्षाला ३ लाख रुपये मंजूर करून घेतले. त्यातून कॉलेजची शिष्यवृत्ती सुरू झाली, काही विद्यार्थी परदेशातही गेले. आज आपल्या घराघरातली पोरं मॅट्रिकनंतरच्या ज्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतात, तिचे मूळ इथे आहे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्या गरीब मुलांना यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग होते. याच कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट होती. पार्लमेंटमध्ये बिल मांडायचे तर आधी ते वाचावे लागते, विरोधी बाजूचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे लागते, मतात हरलो तर निमूट बसावे लागते. जो माणूस दिल्लीला घटना लिहीत होता, हिंदू कोड बिलासाठी झगडत होता, तो या पोरांच्या पार्लमेंटमध्येही येऊन बोलत असे. त्यांना तो पोरखेळ वाटला नाही.

१९५० साली औरंगाबादला कॉलेज निघाले. पुढे त्याचे नाव मिलिंद महाविद्यालय झाले आणि परिसर झाला नागसेनवन. ही नावे उगाच दिलेली नाहीत. राजा मिलिंद विद्वान होता, वादात भल्याभल्यांना गप्प करी. भदंत नागसेनांना त्याने प्रश्नामागून प्रश्न विचारले, आणि उत्तर पटल्यावर राजा असूनही ते मान्य केले. कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव त्याच्या भोवतीच्या झाडाझुडपांना. विद्यार्थ्याने कसे असावे, हे पाटीवरच लिहून ठेवले!

आणि आता ते सांगतो ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेब फार व्यथित होऊन बोलले. ज्यांना शिकवले ते शिकून समाजाकडे येतील ही आशा होती, पण ते आपल्याच नोकरीत आणि पोटापाण्यात गुंतले, हे दुःख त्यांनी उघड बोलून दाखवले. वय ६४, मधुमेहाने शरीर पोखरलेले, पायांना आधार लागत होता. दुसरा कोणी असता तर निराश होऊन बसला असता. बाबासाहेबांनी काय केले? चार महिन्यांच्या आत, जुलै १९५६ मध्ये, मुंबईत एक नवी शाळा उघडली. राजकारणात जाणाऱ्यांना आधी शिकवून तयार करणारी शाळा, ट्रेनिंग स्कूल फॉर एंट्रन्स टु पॉलिटिक्स. सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे तिची व्यवस्था होती. विद्यार्थी किती? अवघे पंधरा!

लाखोंच्या सभा ज्यांच्या एका शब्दावर भरत, त्यांनी आयुष्याच्या शेवटी पंधरा पोरांचा वर्ग मांडला. निवडून येणे वेगळे आणि सभागृहात बसून लोकांचे काम करणे वेगळे. त्याला कायदा, अर्थशास्त्र, भाषण, सगळे शिकावे लागते, ही त्यांची दृष्टी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. शाळेचा वर्ग मार्च १९५७ पर्यंत चालला आणि थांबला.

तो वर्ग अजून सुटलेला नाही, असे आम्ही मानतो. १९६४ साली दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले, तो त्याचाच पुढचा धडा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला तो अंमलात आला. मधल्या सोळा वर्षांत किती विद्यार्थी रस्त्यावर उतरले, नागपुरातही रक्त सांडले. तेही त्याच वर्गातले. त्याच १९९४ साली नव्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. मारामाऱ्या थांबल्या हे खरे, पण मत मागण्याची, हरण्याची, उत्तर देण्याची तालीमही गेली. मग ती तालीम पोरांना मिळणार कुठे?

इथे आमचाच दोष सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आपल्या विहाराच्या वार्षिक सभेत बी.ए.ला असलेली वस्तीतली एक मुलगी उठली आणि जयंतीच्या वर्गणीचा हिशेब विचारला. हिशेबात खोट नव्हती. तरीही आम्हीच, जे आज बाबासाहेबांचे चरित्र लिहीत आहोत, तिला मोठ्यांच्या सभेत बोलू नको म्हणून खाली बसवले. ती बसली, आणि पुन्हा सभेला आली नाही. आम्ही मिलिंदाच्या नावाने टाळ्या वाजवतो आणि आपल्या घरचा मिलिंद प्रश्न विचारतो तेव्हा त्याला गप्प करतो!

गिरणीत बदली कामगाराला तुटलेला धागा जोडायला शिकवतात तेव्हा जुना कामगार बाजूला उभा राहतो. पहिल्या दिवशी दहा धागे वाया जातात, सुपरवायझर ओरडतो. पण साच्यावरून आपला हात काढल्याशिवाय नवा हात तयार होत नाही. हे आम्ही मशीनवर तीस वर्षे पाळले आणि विहारात विसरलो.

गेल्या वर्षावासापासून दर रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर एक तास आम्ही पोरांच्या हवाली केला आहे. सभापती त्यांचाच, कार्यवृत्त तेच लिहितात, एकाने बाजू मांडायची, दुसऱ्याने खोडायची. म्हातारे मागच्या सतरंजीवर. कधी पाच येतात, कधी बारा. पंधरा अजून झालेले नाहीत.

ती ताई हा अंक वाचेल अशी आमची खात्री आहे, कारण तिच्या घरी स्मरणिका जाते. विहाराच्या टेबलावर जमाखर्चाची वही आता उघडी ठेवलेली असते. येत्या रविवारी तिने यावे आणि अर्धा राहिलेला प्रश्न पुरा विचारावा. उत्तर द्यायला आम्ही उभे राहू.

जयभीम!